झाकली मूठ डॉक्टरांपुढे उघडावी

मैत्रिणींनो, यंदाच्या टपालात लोणच्याला बुरशी का येते, मुलगा दूध पीत नाही, सुनेशी पटत नाही, अशी नेहमीची पत्रे होतीच. त्यांची उत्तरे पुढच्या अंकी देईन. आजची सगळी जागा मात्र एकाच पत्राला द्यायची आहे. पत्र एका तालुक्याच्या गावातून आले आहे. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे, आणि ती मी पाळणारच.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा. या भगिनीचे धाकटे दीर छत्तीस वर्षांचे आहेत, घरचे दुकान सांभाळतात. मानेला गाठी आल्या, संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरले. गावातल्या डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली. चार महिने झाले तरी गाठी वाढतच राहिल्या. शेवटी शहरात नेऊन गाठीचा तुकडा तपासला तेव्हा लिम्फोमा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातला एक प्रकार निघाला. उपचारापूर्वी रक्त तपासले, तर त्यात एचआयव्हीही निघाला. सासूबाई म्हणाल्या, "दुष्काळात तेरावा महिना." थोरले दीर म्हणाले, "एक रोग असता तर जमीन विकली असती. आता दोन-दोन रोग. पैसा पाण्यात कशाला घालायचा?" धाकट्या जाऊबाई एकोणतीस वर्षांच्या आहेत. त्या काहीच बोलत नाहीत.

या भगिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. एक, दोन्ही आजार असलेला माणूस उपचाराने खरोखर बरा होतो का? दोन, जाऊबाईंना तपासणीचे कसे सांगावे? तीन, एका घरात सगळ्यांनी राहावे की नाही?

मी काही डॉक्टर नव्हे, बरं का. बी.ए. झालेली, सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवणारी आणि एरवी गोडदेवात संसार सांभाळणारी बाई. पण वाचून आणि जाणत्यांना विचारून जे पक्के समजले, तेवढेच इथे लिहिते. औषधाची चिठ्ठी मात्र डॉक्टरांचीच.

पहिला प्रश्न: गुण येतो का?

रक्ताचा कर्करोग म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे १९७१ सालचा ‘आनंद’ उभा राहतो. त्यातल्या नायकाला जो आजार होता, तो आज आपण ज्याला लिम्फोमा म्हणतो त्याच कुळातला. त्या काळी त्या दुखण्यापुढे हात टेकावे लागत. आज लिम्फोमाचे कितीतरी रुग्ण पूर्ण बरे होऊन पुन्हा कामाधंद्याला लागतात. सिनेमा डोळ्यांत राहिला, वैद्यक मात्र खूप पुढे गेले.

रक्ताच्या कर्करोगाचे मुख्य तीन प्रकार. ल्युकेमिया हाडांच्या मगजात सुरू होतो आणि रक्तात पसरतो. मायलोमाही मगजातलाच, बहुधा उतारवयात दिसतो. लिम्फोमा मात्र मान, काख, जांघ इथल्या ग्रंथींतून डोके वर काढतो. एचआयव्हीशी जवळचे नाते आहे ते या तिसऱ्याचे. हा विषाणू शरीराच्या राखणदार पेशींवरच घाला घालतो. राखणदार थकले की काही पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि त्यांना आवरणारे कोणी उरत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात २००१ ते २००५ या काळात आलेल्या सुमारे अडीचशे एचआयव्हीबाधित कर्करुग्णांचा अभ्यास झाला होता. त्यांच्यात लिम्फोमाचे प्रमाण इतर कर्करुग्णांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळले. म्हणजे पत्रातल्या दिरांचे दोन आजार हा काही नशिबाचा अजब खेळ नव्हे. एकाने दुसऱ्याला दार उघडून दिले आहे, एवढेच.

थोरले दीर जे बोलले, ते तीस वर्षांपूर्वी कोणी मोठ्या डॉक्टरनेही बोलले असते. १९९६ पूर्वी एचआयव्हीवर पुरेसे औषधच नव्हते. अशा रुग्णाला कर्करोगाचे पूर्ण ताकदीचे औषध सोसत नसे, म्हणून डोस कमी करून देत. तरीही बहुतेक जण काही महिन्यांत जात. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटू लागले. पण त्या औषधांना वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागत. ते आपल्याकडे कोणाला परवडणार? २००१ साली आपल्या मुंबईच्या सिपला कंपनीने तीच तीन औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरना देऊ केली आणि साऱ्या जगात किमती खाली आल्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ रुग्णालयांत आपले जे.जे. होते. २०१७ पासून तर तपासणीत एचआयव्ही निघाला की वाट न पाहता लगेच औषध सुरू करतात. याच औषधांना आपण एआरटी म्हणतो.

एआरटीमुळे राखणदार पेशी सावरतात, आणि मग कर्करोगाचे औषध पूर्ण डोसात देता येते. याचा परिणाम आकड्यांत पाहा. हॉजकिन नावाच्या लिम्फोमाच्या २२४ रुग्णांचा ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अभ्यास केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९३ जणांना एचआयव्ही होता. सगळ्यांना एकच औषधयोजना. पाच वर्षांनी एचआयव्ही नसलेल्यांपैकी शंभरात ८८ हयात होते आणि एचआयव्ही असलेल्यांपैकी शंभरात ८१. एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक शास्त्राच्या हिशेबात धरण्याजोगा नव्हता, आणि एचआयव्ही असलेले रुग्ण मुळात जास्त पसरलेला आजार घेऊन आले होते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१६ सालचा. लिम्फोमा उलटला तर रुग्णाच्याच मूळ पेशी काढून ठेवतात, जोरदार औषध देतात आणि त्या पेशी परत देतात. एचआयव्ही असलेल्या ४० जणांवर हा उपचार झाला. वर्षभराने शंभरात सुमारे ८७ हयात होते. एचआयव्ही नसलेल्या, तशाच आजाराच्या रुग्णांतही आकडा सुमारे ८७ च! मगज बदलण्याचे शास्त्र आपल्याला परके नाही, बरं का. भारतातले पहिले यशस्वी मगज-रोपण १९८३ साली टाटा रुग्णालयातच डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. लहानपणी पोलिओ झाल्याने ते चाकाच्या खुर्चीतून रुग्ण तपासत.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर: होय, गुण येऊ शकतो. एचआयव्ही आहे एवढ्या कारणाने उपचार सोडून देणे आज चूक आहे.

खोटी आशाही मी दाखवणार नाही. सगळ्यांचे सारखे होत नाही. राखणदार पेशींचा एक आकडा असतो, त्याला सीडी-फोर म्हणतात. तो दोनशेच्या खाली गेलेला असेल, आजार मेंदूत पोहोचला असेल, किंवा औषधे मध्येच सुटली असतील, तर वाट अवघड होते. आणखी एक कारण ऐकून वाईट वाटेल. अमेरिकेतच २०१६ साली असे दिसून आले की एचआयव्ही असलेल्या कर्करुग्णांना कर्करोगाचा उपचार मिळालाच नाही, असे इतर रुग्णांपेक्षा जास्त वेळा घडत होते. म्हणजे काही ठिकाणी आजाराआधी माणसांनीच हार मानली होती. पत्रातल्या घरात आज तेच घडते आहे.

गंडमाळा समजून बसू नका

या भगिनीच्या दिरांचे चार महिने गेले, ते क्षयाच्या औषधात. यात कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. मानेच्या गाठी म्हणजे गंडमाळा, आणि गंडमाळा म्हणजे क्षय, हे आपल्याकडे खरेही ठरते. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच. एचआयव्ही असलेल्याला तर क्षयही पटकन होतो. म्हणून एवढेच लक्षात ठेवा: गाठ दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, किंवा क्षयाचे औषध घेऊनही वाढत राहिली, तर गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगा. नुसत्या सुईने काढलेल्या नमुन्यात लिम्फोमा पुष्कळदा नीट कळत नाही. "तुकडा काढला की कर्करोग पसरतो" असे नाक्यावर कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्या. तुकड्यावाचून आजाराचे नाव कळत नाही आणि नावावाचून औषध ठरत नाही.

मूठ कुठे उघडायची?

आपल्यात म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. संसारात ती पुष्कळदा उपयोगी पडते. डॉक्टरांपुढे मात्र ती मूठ उघडलीच पाहिजे. एचआयव्हीची औषधे एका ठिकाणची, कर्करोगाची दुसरीकडची, आणि लाजेपायी एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, असे झाले तर फार नुकसान होते. एचआयव्हीची काही औषधे कर्करोगाच्या औषधाचा जोर अंगात वाढवतात, मग हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. झायडोव्हुडीन नावाचे जुने औषध रक्त कमी करते, आणि कर्करोगाचे औषधही तेच करते. डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दिसल्या तर ते बाधणारे औषध बदलून देतात, दुसरी सोयीची औषधे आज आहेत. म्हणून एका पिशवीत सगळ्या चिठ्ठ्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि सगळे रिपोर्ट ठेवायचे आणि दोन्हीकडे तीच पिशवी न्यायची. वैद्यांचे भस्म, काढा चालू असेल तर तेही सांगायचे. एआरटी मनाने एक दिवसही बंद करायची नाही. "आता मोठे औषध चालू आहे, ही छोटी गोळी कशाला?" असा विचार मनात आला तर तो तिथेच थांबवा.

गावात, आळीत, भिशीत सांगण्याची मात्र काहीच गरज नाही. २०१७ साली एचआयव्हीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही, रुग्णाचे गुपित फोडता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून दवाखान्यात, नोकरीत किंवा शाळेत कोणाला डावलता येत नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ सालीच सांगितले होते की काम करण्याजोगी प्रकृती असताना केवळ एचआयव्हीमुळे रोजगार नाकारता येणार नाही. कुठे अडवणूक झाली तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. तिथे नाव सांगावे लागत नाही.

जमीन विकण्याआधी

एआरटी सरकारी केंद्रात फुकट मिळते. कर्करोगाच्या पुष्कळ उपचारांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटायचे. टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे, तिथे संकोच न करता अडचण सांगावी. बाहेरगावच्या लोकांना राहायची पंचाईत असते, त्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या जुन्या, विश्वासाच्या जागा आहेत. रेल्वेत आणि एस.टी.त कर्करुग्णांना सवलत मिळते. आमच्या भाईंदरहून टाटाला जाणारे दादरला उतरून मध्य रेल्वेच्या गाडीने एक स्टेशन पुढे परळ गाठतात. सकाळच्या गर्दीत अशक्त माणसाला साध्या डब्यात चढवू नका. लोकलमध्ये अपंग आणि कर्करुग्णांसाठी वेगळा डबा असतो, दाखला जवळ ठेवून त्यात बसवा.

दुसरा प्रश्न: जाऊबाई

हा प्रश्न मला सगळ्यांत नाजूक वाटला. या भगिनीने लिहिले आहे, "तिला सांगायचे म्हणजे नवऱ्यावर संशय घ्यायला सांगण्यासारखे आहे." तसे मुळीच नाही. हा आजार कुठून आला, कधी आला, या चौकशीने एकाही गाठीचा आकार कमी होत नाही. ती चौकशी घरात कोणी करू नये, सासूबाईंनीही नाही. जाऊबाईंना एकटे गाठून, चहाचा कप हातात देऊन एवढेच म्हणा, "तू सुद्धा तपासून घे, मी येते बरोबर." सरकारी रुग्णालयात आयसीटीसी नावाचे केंद्र असते. तिथे आधी समुपदेशक बोलतात, मग रक्त घेतात, आणि निकाल फक्त तिलाच सांगतात. मुले असतील तर त्यांच्याबद्दलही तिथेच विचारावे.

निकाल चांगला आला तर काळजी कशी घ्यायची ते समुपदेशक सांगतात, आणि ठराविक दिवसांनी तपासणी पुन्हा करतात. निकाल तसा आला, तर त्याच दिवसापासून औषध आहे. नियमित औषधाने विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. अशा बाईचे आयुष्य चारचौघींसारखे जाऊ शकते. एक गोष्ट मात्र तिने विसरू नये. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा सुमारे सहापट असतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती साधी तपासणी करून घ्यायची. आपण घरातल्या सगळ्यांचे औषधपाणी बघतो आणि स्वतःचे उद्यावर टाकतो, नाही का?

तिसरा प्रश्न: एका घरात कसे राहायचे?

खुशाल राहावे. एका ताटात जेवल्याने, एका भांड्याने पाणी प्यायल्याने, एकच संडास वापरल्याने, खोकल्याने किंवा मुलांना मांडीवर घेतल्याने एचआयव्ही होत नाही. ताट-वाटी वेगळी काढू नका. दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश वेगळा असावा, तो तर प्रत्येकाचाच असतो. जखमेचे रक्त पुसताना हातमोजे घालावेत.

खरी काळजी उलट दिशेने घ्यायची आहे. कर्करोगाचे औषध चालू असताना आपल्यापासून त्यांना धोका असतो. पुष्कळ लिम्फोमांत हे औषध साधारण एकवीस दिवसांनी एकदा, असे सहा वेळा देतात. प्रत्येक वेळेनंतर काही दिवस पांढऱ्या पेशी फार उतरतात. त्या दिवसांत घरात असे वागावे:

स्वयंपाक ताजा आणि गरम वाढावा. पाणी उकळून गार केलेले द्यावे. कोशिंबीर, कच्ची चटणी, मोड आलेली कच्ची कडधान्ये, बाहेरची कापलेली फळे, उसाचा रस, पाणीपुरी बंद. केळे, संत्रे अशी सालीची फळे धुऊन, घरी सोलून द्यावीत. तोंड आले तर मऊ खिचडी, रव्याची पेज, वरणाचे पाणी द्यावे, तिखट टाळावे. अंडे पूर्ण शिजवून. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने त्या खोलीत जाऊ नये. समाचाराला येणाऱ्यांना दारातूनच हात धुवायला लावावे, कोणाला राग आला तरी चालेल.

आणि थर्मामीटर विकत आणाच. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचे. घरची तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. ताप उतरलेला दिसतो आणि आत जंतू वाढत राहतात. एवढ्या एका नियमाने माणसे वाचतात.

रक्त चढवायची वेळ आली म्हणून घाबरू नका. आपल्याकडे १९८९ पासून दान केलेले रक्त एचआयव्हीसाठी तपासतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकायला बंदी आहे. थोरल्या दिरांना काही करायचेच असेल तर त्यांनी रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे. ज्या माणसाला "पैसा पाण्यात" वाटतो, त्याला रक्ताची बाटली भरताना भावाचे नाव आठवले तर बरेच होईल.

तेव्हा पत्रलेखिका भगिनी, तुम्हाला माझे सांगणे इतकेच. सासूबाईंना आणि थोरल्या दिरांना हा अंक वाचून दाखवा. त्यांना पटायला चार दिवस लागतील, पण उपचाराची तारीख चार दिवस पुढे ढकलू नका. लिम्फोमाचे हे प्रकार झपाट्याने वाढतात, वेळेवर औषध पडले तर तसेच झपाट्याने वितळतातही. सोमवारी सकाळी रिपोर्टांची पिशवी, शिधापत्रिका, आधार कार्ड आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन निघा. जाऊबाईंना बरोबर घ्या. त्या बोलत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. प्रवासात त्यांच्या शेजारी बसा, एवढे पुरे.

पुढच्या अंकी लोणच्याच्या बुरशीची उत्तरे नक्की.